नाचासाठी लुगडं

आमच्या बालाघाटात गोरा माणूस दिसला की तो अंग्रेज, हे ठरलेलं. त्यामुळे दवाखान्यात आम्हा नर्सना शिकवायला आलेल्या त्या बाईंना शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे अंग्रेज मॅडमच म्हणायचे. आणि बाई दर वेळी भडकायच्या. "अंग्रेज नहीं, अंग्रेज नहीं! स्कॉटलँड!" समोरचा मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंग्रेज मॅडम. बाई पुन्हा तेवढ्याच जोरात भडकायच्या. मला त्यांचा तो राग फार आवडायचा. आपण कोण आहोत हे लोकांना रोज न कंटाळता सांगावं लागणं मला काही नवीन नव्हतं. आमच्या वस्तीतल्या बायांचा अर्धा जन्म त्यातच गेला होता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मला नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते आणि लग्नाचं मी कोणाला बोलू देत नव्हते. घरात आई आणि मी. बाबा मँगनीजच्या खाणीत कामाला होते, तिथेच छातीच्या दुखण्याने गेले. आईनेही लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्याच खाणीत डोक्यावरून टोपल्या वाहिल्या. मग आम्ही बालाघाटात राहायला आलो, आणि तिने मला शिकवलं. एवढीच आमची कहाणी. ती कोणी कीव करत विचारली तर मी सांगत नसे.

तर त्या बाई आणि त्यांचे साहेब. साहेब दवाखान्यातली बंद पडलेली यंत्रं दुरुस्त करायचे. दर शनिवारी दुपारी ते दोघं आमच्या शिकवणीच्या हॉलमधले बाक भिंतीला लावायचे, टेपरेकॉर्डर सुरू करायचे आणि आम्हाला त्यांच्या देशाचा नाच शिकवायचे. पहिल्या दिवशी ती कॅसेट वाजली तेव्हा सनईला ताप चढलाय असं वाटलं. पण चार मिनिटांत पाय आपोआप उचलायला लागले. हा नाच कमरेचा, हातवाऱ्यांचा नाही, पायांचा आहे. समोरासमोर दोन ओळी करायच्या, उड्या मारत मध्ये यायचं, कोपरात कोपर अडकवून गरगर फिरायचं आणि फिरता फिरता पुढच्या माणसाकडे फेकलं जायचं. जोडीदार असतो, पण तो आपल्यापाशी राहत नाही. ओळीतल्या प्रत्येकाचा हात धरावाच लागतो. अमक्याचा धरीन, तमक्याचा धरणार नाही, ही सोय त्यात नाही. धरला नाही तर फिरणारा माणूस सरळ भिंतीवर जाऊन आपटतो.

मला तो नाच पहिल्याच शनिवारी आला. का, ते सांगता येणार नाही. शाळेत मी कधी लेझीमही हातात घेतली नव्हती. पण साहेब म्हणाले, हिचे पाय स्कॉटलँडचे आहेत. मी म्हटलं, नाही, बालाघाटचेच आहेत. साहेब खदखदून हसले.

नोव्हेंबरच्या शेवटी त्यांच्या देशाच्या कुठल्याशा संताचा दिवस असतो. त्या संध्याकाळी गावातल्या अधिकाऱ्यांच्या क्लबात नाच करायचं ठरलं. जिल्ह्याचे साहेब लोक, त्यांच्या मिसेस, वारासिवनीचे राइस मिलवाले, असे सगळे येणार होते. सुरुवातीला दवाखान्यातल्या चार जोड्यांनी नाचून दाखवायचं आणि मग सगळ्यांनी मिळून नाचायचं. बाईंचा गुडघा दुखरा, म्हणून पहिल्या जोडीत साहेबांबरोबर मी. माझं नाव पहिल्या जोडीत लागलं तेव्हा मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "क्लबात? आतमंदी?" मी म्हटलं, "हौ, आतमंदी. मधोमध."

त्या क्लबाच्या फाटकातून आमच्या लोकांपैकी आजवर जे कोणी आत गेलं होतं, ते झाडायला किंवा भांडी घासायला गेलं होतं. मला काय हवं होतं ते यातच आलं. त्या चार जोड्यांतली माझी जागा मला हवी होती, आणि ती मी कोणाला देणार नव्हते.

पण आमंत्रणाच्या कार्डावर खाली एक ओळ होती. पोशाख फॉर्मल. आणि त्या ओळीची मालकीण होती क्लबाच्या सेक्रेटरीची बायको. आम्ही त्यांना क्लबवाल्या मॅडम म्हणायचो. त्या तालमीला येऊन खुर्ची टाकून बसायच्या. त्यांनी फॉर्मलचा अर्थ आम्हाला हिंदीत समजावून सांगितला. सलवार-कुडता नाही, तो कॉलेजातल्या पोरींचा. बायांनी एक तर गाऊन घालायचा, नाहीतर भारी सिल्कची साडी. गाऊन म्हटल्यावर आम्ही नर्सा एकमेकींकडे पाहायला लागलो. आमच्याकडे गाऊन घालून बाई फार तर दूधवाल्यासाठी दार उघडते. तेव्हा राहिली साडी.

मी स्कॉटलँडच्या बाईंना विचारलं, तुमच्याकडे काय घालतात? त्या म्हणाल्या, ज्यात नाचता येईल ते, आणि ज्यात लोकांनी आपल्याला बघावं असं वाटेल ते. ऐकायला सोपं होतं. पण ज्यात नाचता येईल आणि ज्यात लोक बघतील, असा एकच कपडा आमच्या गावात बाईसाठी कोणी शिवलाच नव्हता.

मी मैत्रिणीची सिल्कची साडी मागून आणली. पदराला पिना, निऱ्यांना पिना, खांद्यावर पिना, अशी स्वतःला टाचून घेतली आणि तालमीला उभी राहिले. पहिल्या दोन उड्या झाल्या. तिसरीला निऱ्या पायात आल्या. पिनांमुळे साडी सुटलीही नाही आणि सैलही झाली नाही. तिने मला पोतं बांधावं तसं बांधलं आणि मी सगळ्यांसमोर तोंडावर पडले. ओठ फुटला. साहेबांनी उठवलं. क्लबवाल्या मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या, "जिसको साड़ी की आदत नहीं, वो किनारे बैठे. ताली बजाने वाले भी तो चाहिए."

साडीची सवय नाही! मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून साडी नेसते. राग एवढा आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी राग आला. बाईंनी फक्त एवढंच म्हटलं, तुझी जागा तुझीच आहे, काय घालायचं ते तू ठरव. पण मॅडमनी दुसरी मुलगी हेरून ठेवली होती, हे मला कळत होतं.

त्या दिवशी मी सायकल घेऊन घरी न जाता लालबर्र्याच्या रस्त्याने उगाच पुढे गेले. धानाची कापणी चालू होती. फुटलेला ओठ आत दाबत मी रस्त्याकडेला उभी राहिले. समोरच्या बांधीतून बाया धानाचे भारे डोक्यावर घेऊन येत होत्या. मध्ये पाण्याची नाली होती. त्यातली एक, चांगली पन्नाशीची, भारा डोक्यावर तसाच ठेवून नाली एका ढांगेत ओलांडून गेली. एका हातात विळा, दुसऱ्या हाताने मागच्या पोरीला शिवी देत. नेसलं होतं कासोट्याचं लुगडं. मला माझी साडी गुळगुळीत फरशीवर उडी मारू देत नव्हती, आणि ही बाई मणाचं ओझं घेऊन हरणासारखी गेली. मी तिथेच मोठ्याने म्हणाले, "हात्तिच्या!"

पुढच्या सुट्टीला मी बसने वारासिवनीला गेले. तिथे कोष्ट्यांच्या एका जुन्या दुकानात नऊवारी मागितलं. दुकानदाराने विचारलं, "आजीसाठी काय?" मी म्हटलं, "माह्यासाठी." त्याने चष्मा वर करून मला पाहिलं, माझ्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि मग वरच्या फळीवरून गठ्ठा काढला. मी गडद निळं घेतलं, पांढऱ्या रेशमी काठाचं. निळंच का, हे आमच्या वस्तीत कोणाला विचारावं लागलं नसतं.

आता आई. मला वाटलं होतं की तिला आनंद होईल. तिने घडी उलगडली, कापडाची लांबी पाहिली आणि हातातून खाली ठेवलं.

"हे नऊवार हाय."

"हौ."

"कासोटा घालनार तू? क्लबात?"

"हौ. त्यातच नाचता येते."

आई एकदम उभी राहिली. एरवी ती बसूनच भांडते. ती म्हणाली, "मी कासोटा काहून सोडला, मालूम हाय तुले?"

मालूम होतं. तिच्या आईच्या काळात सभेत बायांना सांगितलं होतं की लुगडं गुडघ्यापर्यंत नेसू नका, टाचेपर्यंत नेसा. लांबून नुसते पाय पाहून लोक आपल्याला ओळखतात, ती ओळख पुसून टाका. आजीने लुगडं टाचेपर्यंत आणलं. पण आईला खाणीत ते पुन्हा वर खोचावं लागलं. टोपली घेऊन उतार चढताना टाचेपर्यंतचं लुगडं जीव घेतं. तिने ते पोटासाठी खोचलं. खाण सोडली त्या दिवशी तिने कासोटाही सोडला आणि गोल साडी धरली. आमच्या वस्तीतल्या सगळ्याच बायांनी हळूहळू तसं केलं. पुनवेला पांढरी साडी नेसून त्या विहारात निघाल्या की कोणी सांगू शकत नसे यातली कोण काल टोपली वाहत होती. आईला त्या पांढऱ्या साडीचा किती ताठा होता! ती इस्त्री स्वतः करायची, मला हात लावू देत नसे.

"मी तं म्हनत होती, तू पांढरी नेसशीन," ती म्हणाली. "आपली पांढरी. साऱ्याइत उठून दिसशीन. अन् तू हे घेऊन आली. खानीतलं! तुले शिकवली ती काय टोपलीवालीवानी तेथी उभी राह्याले?"

"टोपलीवालीले काय झालं?" मी म्हटलं. "तुले लाज वाटते काय तुही?"

हे मी बोलायला नको होतं असं कोणी म्हणेल. पण मी बोलले, आणि ते मला खरंच विचारायचं होतं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मी पण कामापुरतीच बोलले. आम्ही दोघी एकाच मातीच्या.

आता गंमत अशी, की लुगडं घेतलं खरं, पण ते नेसता कोणाला येत होतं? मी दार लावून रोज प्रयत्न करत होते. नऊ वार कापड अंगाभोवती फिरवायचं, पुढची गाठ मारायची, निऱ्या घ्यायच्या, आणि मग मधून मागे नेऊन खोचायचं. लहानपणी आईला रोज पाहिलेलं. पाहणं वेगळं आणि नेसणं वेगळं. कधी कासोटा एवढा सैल की मागे शेपटी लोंबावी, कधी एवढा घट्ट की बसता येऊ नये. खोलीतल्या खोलीत दोन गिरक्या घेतल्या की सगळं पायाशी.

क्लबाच्या दिवशी दुपारी मी तशीच झगडत होते. दाराला कडी नव्हती लागली. आई आत आली आणि पाहत उभी राहिली. तिने बराच वेळ सहन केलं.

"असा घालतेत काय कासोटा?" शेवटी ती म्हणाली. "रस्त्यात सुटन. इज्जत जाईन."

"मंग तू घाल."

"मी नाई घालत."

"मंग सुटू दे."

आई पुटपुटत पुढे आली, माझ्या हातातून लुगडं हिसकलं आणि मला गरकन फिरवून पहिली गाठ मारली. इतकी घट्ट की मी श्वास रोखला. मग तिचे हात आपोआप चालायला लागले. इतक्या वर्षांनी, पण कुठे अडखळले नाहीत. मागचा खोच मारताना तिने गुडघा टेकला. मी तोंड मिटून उभी होते. एक शब्द जास्त बोलले असते तर तिने सोडून दिलं असतं.

नेसवून झाल्यावर तिने खालचा काठ ओढून ओढून माझ्या टाचेपर्यंत आणला. "हे पाह्य," ती म्हणाली, "टाच दिसली नाई पायजे. कासोटा घाल, नाच, काय करायचं ते कर. पर टाचेच्या वर नाई. सबद दे."

मी शब्द दिला. पायात दवाखान्यातले पांढरे कॅनव्हासचे बूट घातले आणि निघाले.

क्लबाच्या व्हरांड्यात दिव्यांच्या माळा लावल्या होत्या. दाराशीच क्लबवाल्या मॅडम पाहुण्यांचं स्वागत करत होत्या. मला पाहून त्यांचं हसू तिथेच थांबलं.

"ये क्या है? आज फैन्सी ड्रेस नहीं है."

"फॉर्मल है, मॅडम."

"फॉर्मल? ऐसे तो हमारी बर्तनवाली आती है."

"मेरी माँ भी ऐसे ही खदान में जाती थी," मी म्हटलं. आवाज चांगला मोठा होता. आजूबाजूचे दोन-चार लोक वळले.

तेवढ्यात साहेब आले. आम्ही त्यांना कायम जुन्या पँटमध्ये, हातात पाना घेतलेलं पाहिलेलं. आज त्यांनी काळा कोट घातला होता आणि खाली त्यांच्या देशाचा चौकड्यांचा घागरा. पुढे एक केसाळ बटवा लटकत होता. पायात लांब मोजे, आणि मोज्याच्या वर, घागऱ्याच्या खाली, साहेबांचे दोन गोरेपान, हाडकुळे गुडघे. पाहुण्यांनी आधी गुडघ्यांकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं. क्लबवाल्या मॅडमनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हाउ रॉयल!"

झालं. माझ्या टाळक्यात काहीतरी तडकलं. मी म्हटलं, "मॅडम, साहब का घुटना रॉयल है. तो मेरी माँ का घुटना क्या था?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्या दाबलेल्या आवाजात म्हणाल्या की बहस नको, आज मी बाजूला बसावं, दुसरी मुलगी तयार आहे. मी त्यांच्या शेजारून सरळ आत गेले, हॉलच्या मधोमध गेले आणि पहिल्या जोडीच्या जागेवर उभी राहिले. तिथून मला काढायचं तर हाताला धरून काढावं लागलं असतं, आणि त्यासाठी मला हात लावावा लागला असता. तेवढं मॅडमच्याने झालं नाही. साहेब येऊन माझ्यासमोर उभे राहिले. बाईंनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. दारातलं बोलणं त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

नाच सुरू झाला. आईने बांधलेली गाठ लोखंडासारखी होती. पाय मोकळे होते, उडी उंच जात होती, कोपरात कोपर अडकवून फिरलं की काठाची पांढरी रेघ माझ्याबरोबर फिरत होती. पहिला नाच नीट झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा त्याहून जलद. त्यात मध्येच मला वाटलं, काठ बुटाखाली आला. एकदा सावरलं. दुसऱ्यांदा तोल गेला, साहेबांनी कोपर घट्ट धरलं म्हणून वाचले. टाचेपर्यंतचं लुगडं. टाचेपर्यंतचं लुगडं नालीवरून उडी मारणाऱ्या बाईने नेसलं नव्हतं, आणि खाणीतल्या माझ्या आईनेही नाही. मॅडम भिंतीशी उभ्या राहून पाहत होत्या. मी पडायची वाट पाहत होत्या, हे मला त्यांच्या मानेवरून कळत होतं.

नाच संपला आणि तिसऱ्याची कॅसेट लावायला बाई वळल्या. मी शब्द दिला होता. आणि मी पुन्हा त्या फरशीवर पडणार नव्हते. या दोन गोष्टी एका वेळी जमत नव्हत्या. मी कोपऱ्यात गेले नाही, कोणाच्या आड झाले नाही. हॉलच्या मधोमध, सगळ्या दिव्यांखाली, वाकून दोन्ही बाजूंचा काठ उचलला आणि गुडघ्याच्या खाली येईल असा कमरेला कचकचून खोचला. आईला रोज सकाळी निघताना तसंच करताना मी पाहिलं होतं. माझ्या पिंढऱ्या उघड्या पडल्या. काळ्यासावळ्या, माझ्या, आईसारख्या. साहेबांचे गुडघे गोरे, माझ्या पिंढऱ्या काळ्या, आणि दोघंही फॉर्मल. शब्द मोडला. वाईट वाटतं का असं कोणी विचारलं तर नाही, अजिबात वाटत नाही.

मग मी नाचले. तसं मी त्याआधी कधी नाचले नव्हते.

शेवटी सगळ्यांना उठवलं. साहेब लोक, मिसेस, मिलवाले, सगळे दोन लांब ओळींत. बाईंनी मोडक्या हिंदीत सांगितलं की प्रत्येकाने प्रत्येकाशी फिरायचं. ओळीतून एकेक जण माझ्याकडे येत होता, कोपर अडकत होतं, हात धरला जात होता, पुढे जात होता. जंगल खात्याचे एक जाडे साहेब धापा टाकत हसत होते. एका मिलवाल्याची बायको "अरे अरे अरे" करत आली आणि माझ्या गळ्यातच पडली. आणि मग क्लबवाल्या मॅडम आल्या. त्यांनी आधी दोन बोटं पुढे केली. फक्त दोन बोटं, टोकाकडून, पापड उचलावा तशी. मी ती दोन बोटं धरली आणि फिरायला सुरुवात केली. दोन बोटांवर तो नाच होत नाही. अर्ध्या फेरीतच मॅडम सुटायला लागल्या, त्यांचे डोळे मोठे झाले, आणि त्यांनी झडप घालून माझा हात पुरा धरला. पंजात पंजा. दुसऱ्या हाताने माझा दंडही धरला. पूर्ण फेरी होईपर्यंत त्यांनी सोडलं नाही, सोडलं असतं तर टेपरेकॉर्डरवर जाऊन पडल्या असत्या. मी त्यांना अलगद पुढच्या माणसाकडे दिलं.

घरी आले तेव्हा आई झोपली होती, किंवा झोपल्यासारखी पडली होती. मी काठ खाली ओढला नव्हता. तशीच सायकलवरून आले होते.

सकाळी ती अंगणात आंघोळीचं पाणी तापवत बसली होती. चुलीवर मोठं भगोनं होतं. मी चहा घेऊन शेजारी बसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"कासोटा सुटला काय?"

"नाई. पर मी वर खोचला."

"किती?"

मी हाताने दाखवलं, गुडघ्याच्या खाली. ती लाकूड आत सारत राहिली. मी रात्रभर तिच्याशी भांडायची तयारी केली होती. नाली ओलांडणारी बाई, साहेबांचे गुडघे, सगळं ओळीने मांडून ठेवलं होतं. मला ते सांगायची इतकी घाई झाली होती की चहा कपातच राहिला. पण तिने ते विचारलंच नाही.

"हात धरले काय?" ती म्हणाली. "तू म्हनत होती, त्या नाचात साऱ्याइचा हात धरा लागते."

"हौ. धरले."

"त्याइनं बी धरले? बायाइनं? साहेबाइच्या?"

"हौ. साऱ्याइनं. क्लबवाल्या मॅडमनं तं अशी पकडली, सोडेच ना."

आई हसली नाही. तिने फुंकणी बाजूला ठेवली. "आमी पानी मांगलं खानीत, तं ओंजळीत वरतून सोडत," ती म्हणाली. "हात दूर ठेवून. गडवा बी लागू देत नसत बोटाले. कितीक वर्सं."

हे तिने मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. मला त्या क्लबात परत जावंसं वाटलं, आणि तिथल्या एकेका माणसाला पुन्हा फिरवावंसं वाटलं, चक्कर येऊन पडेपर्यंत.

आईने हात पदराला पुसला आणि पुढे केला. "कसा धरला, दाखव."

मी तिला उठवलं, कोपर कसं अडकवतात ते दाखवलं, आणि तिची बोटं हलकेच धरली. तिच्या हाताला घट्टे होते, म्हणून मी हलकेच धरली.

"असा नाई," ती म्हणाली. "तिनं धरला तसा धर."

मी पंजात पंजा घालून घट्ट धरला. आईने पाय रोवले, आणि एका हिसक्यासरशी मलाच गरकन फिरवलं. चुलीवरचं पाणी उकळून विस्तवात सांडायला लागलं, तरी तिने हात सोडला नाही.